दोराचं दुसरं टोक

परंडा, माघ शुद्ध एकादशी, शके १८६७

सौ. मल्लम्मास, आणि हे तिला वाचून दाखवणाऱ्या शरणप्पास, शरणार्थ.

शरणप्पा, पहिल्यांदा तुला सांगतो. जसं लिहिलंय तसं वाच. मधे खाकरू नको, आवाज चढवू नको आणि पदरचं काही घालू नको. तुझ्या बहिणीला वाचता येत नसलं तरी तिचे कान शाबूत आहेत आणि तुझ्या तोंडावरून तिला बरोबर कळतं.

मल्लम्मा, तुझा निरोप पोचला. मोटारीच्या ड्रायव्हरनं भर अड्ड्यावर चार माणसांत सांगितला, त्याबद्दल तुझे उपकार. 'पत्र पाठवा. वाचायला शरणप्पा आहे, मी नुसतं अक्षर बघीन. पाडव्यापर्यंत अक्षर जाग्यावर आलं तर इरम्माला घेऊन परत येते. न्हाय तर पाडवा झाला की शरणप्पा येऊन माझी पेटी घेऊन जाईल.' वा! अख्ख्या तालुक्याच्या अर्ज्या मी लिहितो, सरकारदरबारी माझं अक्षर चालतं, आणि तू बार्शीत चुलीपुढं बसून त्याची तपासणी करणार.

तर बघ. हललंय, मान्य आहे. थंडी लई आहे ह्या साली. शिवाय बोरू नीट तासलेला नाही, ते काम तुझं होतं.

इरम्माच्या गोष्टीचा तुम्ही बहीणभावांनी डोंगर केलाय. पोर बाजारात जरा मागं राहिली. पोरं राहतात. कोणीतरी आणून सोडली ना दारात? मग झालं. तेवढ्यावरून तिसऱ्या दिवशी मोटारीत बसून माहेर गाठायचं काही कारण नव्हतं.

आता एक विचारतो, खरं सांग. परवा बाजाराच्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी शिंदीखान्याच्या बाजूनं चाललो होतो. बाजूनं म्हणतोय, आत नाही. तर वेशीबाहेर राहणाऱ्या एका दोरवाल्यानं हाक मारली, "अर्जीवाले, जरा दोर धरा की." मला! गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, काखेत कागदाचं दप्तर, आणि मी वेशीबाहेर जाऊन दोर धरू? मी म्हटलं, दुसरं कोणी दिसत नाही का? तर म्हणाला, "दर बाजाराला आमच्या आवारात सात-आठ जण बसत्यात. सगळे तुमच्यावानीच. दिवेलागणीपतूर बसा, मग कुठं जायचं ते जा."

तुमच्यावानी म्हणजे कसे? माझं घरातलं ह्या माणसाला कोणी सांगितलं? मी पितो ते शिंदीखान्याच्या मागल्या दारानं, तोंडाला उपरणं बांधून. मला ह्यात शरणप्पाचा हात दिसतो. शरणप्पा, हे मोठ्यानं वाच.

वीरभद्र

परंडा, माघ वद्य चतुर्थी

मल्लम्मास शरणार्थ. शरणप्पास नाही. हद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर हे पत्र फोडून वाचणारा जो कोणी असेल त्यालाही शरणार्थ, त्याचा तरी माझ्याशी वाकडेपणा नाही.

तू निरोप धाडलास की शरणप्पानं कोणाला काही सांगितलेलं नाही. बरं. धरून चालू. मग हे लोक माझ्या मागं का लागलेत ते मलाच शोधायला पाहिजे, म्हणून ह्या बाजाराला गेलो. बसायला नाही, बघायला.

आवाराला तुराट्यांचं कूड आणि दाराला आतून कडी. कडी कशाला? दोर वळणाऱ्याला कसली आलीय चोरी? आत सात माणसं. बहुतेक ओळखीची निघाली. देवळात चौघडा वाजवणारा बलभीम. मागल्या साली बैलासकट ओढ्यात पडला होता तो ज्ञानोबा. आणि खांबाच्या आड तोंड लपवून कोण बसलं होतं सांगू? कापडवाला महांतप्पा! मठात पहिल्या ओळीत बसतो, स्वामींच्या पायाचं पाणी सगळ्यांच्या आधी घेतो, तो! आम्ही दोघांनी एकमेकांच्या गळ्यातल्या लिंगाकडं बघितलं आणि दोघांनीही माना खाली घातल्या.

तिथली रीत ऐक. देवाचं नाव नाही, भजन नाही, उपदेश नाही. शपथ तर घ्यायचीच नाही. मी मुद्दाम विचारलं, का नाही? तर दोरवाला म्हणाला, "शपथ मोडली की मानूस लाजून परत येत न्हाय. आमाला तर त्यो परत यायला पायजे." आल्याबरोबर प्रत्येकानं एवढंच सांगायचं, मागल्या बाजारापासून प्यालो, का नाही प्यालो. जो पिऊन आलाय त्यानं कोपऱ्यात दोरासाठी घायपाताचा वाख भिजवत बसायचं. बाकीच्यांनी दोर वळायचा. विहिरीच्या मोटेचा जाड नाडा. एक टोक एकानं फिरवायचं, दुसरं वीस हातांवर दुसऱ्यानं, मधे बाकीचे पीळ सांभाळत उभे.

ज्ञानोबा छातीवर हात मारून म्हणाला, न्हाय प्यालो. त्याच्या हातात टोक दिलं. दोरवाल्यानं दुसरं टोक धरलं, डोळे मिटले, चार पीळ दिले आणि जागेवरूनच म्हणाला, "ज्ञानोबा, सकाळी किती?" ज्ञानोबानं टोक खाली ठेवलं. मग म्हणाला, "दोनच गिलास." आणि निमूट वाख भिजवायला जाऊन बसला.

मल्लम्मा, वीस हातांवरून ह्याला कळलं कसं? म्हणे हात हलला की दोरातून दुसऱ्या टोकाला कळतं. मला नाही पटत. खबर काढायची काहीतरी युक्ती आहे. मी अर्ज्या लिहिणारा माणूस आहे, रोज खोटं ऐकतो आणि खरं करून लिहितो. मला कोण फसवणार?

चार माणसं जमवायची तर ह्या मुलखात परवानगी लागते, आणि हे आठ जमतात, तेही कडी लावून. कोणाचे? पोलिसांचे, का चळवळवाल्यांचे? पिणाऱ्यांची गुपितं गोळा करून उद्या कोणाला विकणार? आणि वीस-वीस हात वळत चाळीस हात दोर कशाला लागतो? आवारातून किल्ल्याचा तट हाकेच्या अंतरावर दिसतो. एवढा लांब दोर तटाला टाकला तर काय होईल, हे तुला मी सांगायला नको.

मी गप्प बसणार नाही. मला हसतील आणि मी बघत राहीन असं होणार नाही.

अक्षर जास्तच हललंय असं शरणप्पा म्हणेल. आज सकाळपासून घेतलेली नाही म्हणून हललंय. घेतली की थरथर थांबते, हे तुला आठ वर्षांत कळलेलं आहे.

वीरभद्र

परंडा, फाल्गुन शुद्ध नवमी

मल्लम्मा, शरणार्थ.

मधे तीन आठवडे लिहिलं नाही. आजारी नव्हतो. तसं म्हटलं तर होतो. शिवरात्रीचा उपास निर्जळी केला आणि त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही. पहिले आठ दिवस कसे गेले ते मी तुला लिहिणार नाही. एक दिवस तर तुझ्या पेटीच्या कडीला स्वतःचा हात उपरण्यानं बांधून बसलो. पेटी उघडली नाही. जशी ठेवलीस तशी आहे.

एक गोष्ट आधी खोटी लिहिली, ती दुरुस्त करतो. तो दोरवाला नाही, दोरवाली आहे. कडूबाई तिचं नाव. विधवा आहे, पन्नाशीच्या पुढची. शरणप्पा, भुवया खाली घे. ती मला 'अर्जीवाले' म्हणते, मी तिला 'कडूबाई' म्हणतो, आणि मधे वीस हात दोर असतो. मी लपवलं, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं.

तिचा नवरा पिऊन पिऊन गेला. रडायला तिला सवड नव्हती, कारण दोराला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्या टोकाला आता कोणी नव्हतं. मग बाजाराच्या दिवशी शिंदीखान्यापुढं उभी राहून जो सापडेल त्याला भाकरी देऊन टोक धरायला बोलवायची. पिणारा माणूस तेवढा रिकामा असतो. तेवढ्या वेळात तो पीत नाही, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. एवढंच आहे त्या जमण्याचं मूळ. मी मात्र त्यात किल्ला पाहिला.

मला ते सरळ सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण शिवरात्रीच्या पुढच्या बाजाराला मी 'न्हाय प्यालो' म्हणालो आणि तिनं माझ्या हातात टोक दिलं. हात असा नाचत होता की मधे उभ्या असलेल्या बलभीमाला हसू आवरेना. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हलतोय, पर खरा हाय." मल्लम्मा, मला खरा असं कचेरीत कोणी म्हटलेलं नाही.

आता वाईट गोष्ट. मागल्या बाजाराला पोलिसांचे अमीनसाहेब चार शिपाई घेऊन आवारात आले. कोणीतरी निनावी अर्ज दिला होता, उर्दूत, की इथं रोज माणसं जमतात आणि किल्ल्याच्या तटावर चढायला दोर वळतात. चाळीस हात नाडा जप्त करून नेला. सगळ्यांची नावं लिहून घेतली. महांतप्पा हात जोडून म्हणाला, साहेब, आम्ही दारुडे आहोत. शिपाई हसले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की कापडवाला महांतप्पा दारुडा आहे, आणि त्याच्या दुकानाकडं लिंगायत बायका फिरकेनात.

अर्ज कोणी दिला ह्यावरून आवारात शिव्यागाळी झाली. सगळ्यांचा संशय ज्ञानोबावर, कारण तोच एकदा खोटं बोलला होता. तो बिचारा ओरडत होता, मला उर्दू येतं का रं भाड्यांनो? कोणी ऐकलं नाही. तो तिथून उठला तो शिंदीखान्यात गेला आणि तिथून निघाला तो किल्ल्याच्या खंदकात पडला. पाय मोडलाय. कडूबाईनं पाल्याचा लेप करून बांधलाय.

अमीनसाहेबांनी मला कचेरीत बोलावून तो अर्ज माझ्यापुढं ठेवला. "अर्जीवाले, तुम तो तालुके के हर एक का हात पैचानते. ये किसका है?" मी कागद उजेडाला धरून पाहिला. सगळी अक्षरं पिसाळलेली. म्हटलं, साहेब, ओळखता येत नाही.

एवढंच. इरम्मा कशी आहे? तिच्या डोक्याला तेल लावत जा.

वीरभद्र

परंडा, फाल्गुन वद्य पंचमी

मल्लम्मा,

तुझा निरोप मिळाला. शरणप्पानं ह्या वेळी चिठ्ठी लिहिली, आणि लई गोड लिहिली. 'ताई म्हणते, हे अक्षर दाजींचं न्हाय. त्यांचं असलं असतं तर तिनं लांबून ओळखलं असतं. कचेरीतल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय आणि स्वतः कुठंतरी पडले असतील. पाडव्यानंतर पेटी न्यायला येतो.'

वाचून मी चिठ्ठी चोळामोळा करून फेकली. परत उचलली. परत फेकली. अगं, तीन आठवडे मेलो मी त्या अक्षरासाठी! तिसरं पत्र लिहिलं तेव्हा बोरू धरल्याबरोबर जाग्यावर उभा राहिला. मला इतका आनंद झाला की एक ओळ मी कोऱ्या कागदावर परत लिहिली, नुसती बघायला. आणि तू म्हणतेस दुसऱ्याचं! थेट शिंदीखान्याकडं निघालो होतो, खरं सांगतो. अर्ध्या वाटेत पाय थांबला, कारण चालता चालता हिशेब लागला.

लग्नाला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत तू माझं अक्षर दोनच तऱ्हेचं पाहिलंस. न पिता हलणारं आणि पिऊन घसरणारं. तिसरं तू कधी पाहिलेलंच नाहीस. मग ओळखणार कुठून? ही तुझी चूक नाही. वाटेतल्या दगडावर बसून मी रडलो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं तर बघितलं.

आता तू माझ्यावर संशय घेतलाच आहेस, तर बाकीचंही सांगून टाकतो. ह्याहून वाईट तुझं माझ्याविषयी मत होणार नाही.

तो निनावी अर्ज मी लिहिला.

दुसरं पत्र तुला धाडलं त्याच दिवशी. सकाळपासून घेतलेली नव्हती, हात थरथरत होता, आणि डोक्यात एकच गोष्ट, की हे लोक मला हसतात. कचेरीतलं माझं अक्षर सकाळच्या ग्लासानंतरचं असतं, तेच अमीनसाहेबांना पाठ. हे थरथरणारं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. मी मात्र त्यांच्यासमोर कागद उजेडाला धरला तेव्हा पहिल्याच अक्षराला ओळखलं. अर्ज चावडीच्या पेटीत टाकला आणि सरळ जाऊन प्यालो. पुढच्या बाजाराला हेच तोंड घेऊन आवारात गेलो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. त्यांनी कोपऱ्यात वाख भिजवायला बसवलं. सरकारचं काम संथ असतं. मी शिवरात्रीला सोडली, मला बरं वाटायला लागलं, तो अर्ज कुठंतरी हरवला असं मी मनाशी धरून चाललो होतो. मग शिपाई आले.

ज्ञानोबाचा पाय माझ्यामुळं मोडला. महांतप्पाची अब्रू माझ्यामुळं गेली. आणि ज्ञानोबाला सगळे शिव्या देत होते तेव्हा मी वाखाची जुडी हातात धरून खाली बघत उभा होतो.

आणि इरम्माचं. ती 'जरा मागं राहिली' नव्हती. मी तिला शिंदीखान्याच्या मागल्या दाराशी दगडावर बसवली, म्हटलं, इथंच बस, आलोच. आणि मी पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि घरी आलो. तू विचारलंस, पोर कुठाय? मी विचारलं, कोण पोर? हे मी तुला विचारलं, मल्लम्मा. नंतर मी झोपलो. तिला कोणी आणून सोडली तेही मला ठाऊक नाही, कारण तिला शोधायलाही मी गेलो नव्हतो. तू मोटारीत बसलीस ते बरोबर केलंस.

शरणप्पा, ही पानं वाचताना आवाज चढवायचा असेल तर चढव.

वीरभद्र

परंडा, फाल्गुन वद्य द्वादशी

मल्लम्मा, शरणार्थ. शरणप्पा, तुलाही, मनापासून.

मी कचेरीत जाऊन अर्ज दिला. स्वतःच्या नावानं, दस्तखतासकट, की अमुक तारखेचा निनावी अर्ज माझा आहे आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं आहे. अमीनसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. लई वेळ बघितलं. म्हणाले, "ये दोनो एकीच आदमी के हैं?" म्हटलं, व्हय साहेब, दोन्ही मीच. त्यांनाही तुझ्यासारखंच पटेना. शेवटी त्यांच्यापुढं बसून लिहून दाखवलं तेव्हा पटलं. मग जे बोलले ते शरणप्पाच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको. कचेरीच्या लिंबाखाली बसून अर्ज्या लिहायला मला पावसाळ्यापर्यंत बंदी केलीय. कमीच झालं म्हणायचं. निघताना मी जमण्याच्या परवानगीची अर्जी पुढं केली, सगळ्यात वर माझं नाव आणि पुढं 'शराबी'. ती परत माझ्या अंगावर टाकून म्हणाले, दोर वळायला परवानगी लागत नाही, डोकं खाऊ नको, तुमचा नाडा घेऊन जा. चाळीस हात नाडा खांद्यावर टाकून मी बाजारातून आलो. सगळं गाव दुकानाबाहेर उभं राहून बघत होतं.

तसाच ज्ञानोबाकडं गेलो. तो बाजेवर, पाय फळीला बांधलेला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाय माझा मीच मोडला, अर्जीवाले. कुणी ढकललं न्हवतं. पर शिव्या देणार हाय, त्या समद्या ऐकून जावा." लई दिल्या. मी बसून ऐकल्या. शेवटी दम लागला त्याला, मग मीच पाणी दिलं.

आवारात सांगितलं तेव्हा महांतप्पा उठून चालता झाला, तो अजून आलेला नाही. रोज त्याच्या दुकानापुढं जाऊन उभा राहतो, तो दुसरीकडं बघतो. बलभीमानं माझी गचांडी धरली. कडूबाई एवढंच म्हणाली, "सोड त्याला. अर्जीवाले, आज तुमी वाख भिजवा." न पिता मी कोपऱ्यात वाख भिजवत बसलो, दिवेलागणीपर्यंत.

सगळे गेल्यावर मी तिला विचारलं. पहिल्या दिवसापासून मनात होतं. म्हटलं, कडूबाई, मला हाक मारायला तुम्हाला कोणी सांगितलं? शरणप्पानं?

ती म्हणाली, "कोन शरणप्पा? तुमची पोर दगडावर रडत बसली हुती. म्या नेऊन घातली घरी. तिसऱ्या दिशी सकाळी तुमची मालकीण मोटारीला जाता जाता हितं आली. म्हनली, बाई, माझ्याच्यानं एकटीच्यानं आता धरवत न्हाय. तुमी बगा."

मल्लम्मा, तू. वेशीबाहेर, तिच्या आवारात, पोटाशी पोर घेऊन तू एकटी गेलीस, आणि मी सगळ्या मुलखावर संशय घेतला, फक्त तुझ्यावर घेतला नाही. तुझा निरोप आठवला. शरणप्पानं कोणाला काही सांगितलेलं नाही म्हणालीस. ते खरंच होतं. तुझं नाव मी विचारलंच नव्हतं. आणि ज्या बाईनं माझी पोर घरी आणली तिच्यावरच मी सरकारचे शिपाई घातले. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय. घरी जावा, अंधार पडला."

आता पाडव्याचं. पेटी मी पुसून ठेवलीय. शरणप्पा येणारच आहे, तर त्याच्याबरोबर तूही ये. राहायला ये म्हणत नाही. पाडव्यानंतर पहिला बाजार असेल त्या दिवशी ये. मोटारीतून उतरलीस की सरळ कडूबाईच्या आवारात ये, वाट तुला माहीत आहे. आता दाराला कडी नसते.

हे पत्रही तुला दुसऱ्याच्या हातचं वाटेल. वाटू दे, मी भांडणार नाही. पत्र कोणाकडूनही लिहून घेता येतं, मी जन्मभर लोकांना तेच करून दिलं. दोराचं टोक दुसऱ्याकडून धरवून घेता येत नाही. एक टोक तू धर. वीस हातांवर उभी राहा, हवं तर माझ्याकडं पाठ कर. दुसरं मी धरतो. हात हलला तर तुला तिथं कळेल आणि मग पेटी मीच मोटारीवर चढवून देईन.

इरम्माला आण. ह्यापुढं तिचा हात सोडणार नाही असं मला लिहायचं होतं, पण आमच्यात शपथ घेत नाहीत. म्हणून तिचा हात तू धर. माझ्या हातात दोर असेल.

वीरभद्र